काठ्यांच्या कुळातले गोळे

प्रयोगशाळेत काही बिघडलं की सगळ्यात आधी माना वळतात त्या धुण्याच्या खोलीकडे. म्हणून त्या सकाळी जिन्यावरची कुजबुज कानावर आली तेव्हाच मी ब्रश टबात टाकला आणि हात कोरडे केले. भांडायचं तर कोरड्या हातांनी.

"नळीत बाहेरचं काहीतरी पडलंय," असं कोणीतरी म्हणत होतं.

नळी म्हणजे काचेची परीक्षानळी, आणि या इमारतीतली प्रत्येक नळी माझ्या हाताखालून जाते. वरच्या मजल्यांवर जंतू वाढवतात, त्यांची भांडी खाली माझ्याकडे येतात, मी ती घासते, वाफेच्या पेटीत घालते आणि परत वर पाठवते. तेव्हा बाहेरचं पडलं म्हणजे माझ्याकडून पडलं, असाच त्याचा अर्थ. वर आणखी एक गोष्ट. ती नळी माझ्या सुनेची होती.

सून या घरात आली ती माझ्या पसंतीने. तेव्हा ती वर शिकायला होती. शिकलेली मंडळी वापरलेल्या नळ्या कशा पाठवतात ते मला विचारा. तळाला वाळलेला थर, अंगाला चिकटपट्टी, आत कापसाचा बोळा तसाच. ही एकटी नळ्या विसळून, पट्टी खरवडून, तोंड खाली करून पाठवायची. मी मुलाला म्हटलं, मुलगी बघायची तर तिच्या उष्ट्या नळ्या बघ, तोंड काय कोणीही धुतं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या इमारतीची लिफ्ट त्या वर्षी जरा जास्तच वेळा नादुरुस्त व्हायला लागली. मग लग्नच झालं.

सुनेचं काम ऐकायला अगदी साधं. तिच्याकडे एका जातीचे जंतू आहेत, काठीसारखे लांबट. रोज जुन्या नळीतला एक थेंब नव्या नळीत टाकायचा, ताज्या खाद्यात, विरजण लावतो तसा. उरलेलं उकळून फेकून द्यायचं. दुसऱ्या दिवशी परत थेंब, परत नवी नळी. अशा वेगवेगळ्या नळ्यांच्या ओळी वर्षानुवर्षं चालवायच्या, आणि पिढ्यांमागून पिढ्या जाताना जंतूंमध्ये काय बदलतं ते बघायचं. लग्नाच्या दिवशीसुद्धा ती आधी थेंब टाकून आली आणि मग नटायला बसली. माझी बहीण म्हणाली, नवरी पळाली की काय. मी म्हटलं, पळाली नाही, पोरांना जेवायला घालायला गेलीय.

तर या काठ्यांच्या कुळात, एका ओळीत, गोळे निघाले. लांबट नाहीत, आखूड नाहीत, चक्क गोल.

आधी सगळे खूश होते. मोठे सर, म्हणजे त्या विभागाचे प्रमुख, त्यांनी सुनेला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. तिने ते बाहेरच्या, हेच काम करणाऱ्या लोकांना लिहून कळवलं. आणि मग बाहेरच्यांनी उलट विचारलं, हे गोळे तुमच्याच काठ्यांची पोरं कशावरून? गोल जंतू जगात ढिगाने आहेत. एखादा नळीत पडला असेल, तुमच्या काठ्या खाऊन बसला असेल. झालं. सरांची शाबासकी त्या दिवशीच आटली. तपासायला बाहेरून एक बाई येणार असं ठरलं. गोळे परके निघाले तर ती ओळ खोटी, ओळ खोटी तर सगळं काम संशयात, आणि सुनेची नोकरी त्या कामावरच होती. काम बंद, नोकरी बंद.

सर मला जिन्यातच भेटले.

"काकू, तुम्ही यात पडू नका."

"मी पडलेलीच आहे सर. तुम्हीच म्हणताय ना, नळीत बाहेरचं काहीतरी पडलंय."

"तुमचं नाव कोणी घेतलेलं नाही."

"तोंडाने नाही घेतलं. मानेने घेतलं."

सरांनी चष्मा पुसला. त्यांना उत्तर सुचलं नाही की ते चष्मा पुसतात, त्यामुळे त्यांचा चष्मा माझ्या नळ्यांइतकाच स्वच्छ असतो.

संध्याकाळी जेवताना सून ताटात नुसती बोटं फिरवत होती. मुलाने दोनदा विनोद केला, दोन्ही वाया गेले. मग मीच विचारलं, "अगं, पण गोल झाले तर झाले. त्यात एवढं काय? हा तुझा नवरा लग्नात काठी होता, आता बघ."

मुलगा म्हणाला, "आई, मला मध्ये घेऊ नकोस."

"तू मध्येच फुगलायस, म्हणून घेतलं."

सून थोडं हसली आणि मग तिने वाटी पुढे ओढून मला समजावलं. जंतूच्या अंगाभोवती एक भिंत असते. आतून फुगण्याचा जोर असतो आणि भिंत त्याला आवळून धरते. जंतू वाढतो म्हणजे ही भिंत वाढते. भिंत बांधणारे गवंडी आत फिरत असतात आणि त्यांच्यावर एक मुकादम असतो. मुकादम त्यांना अंगाभोवती आडवे पट्टे घालायला लावतो, पिंपाला कड्या असतात तसे. म्हणून जंतू रुंदीला सुटत नाही, लांबीलाच वाढतो. पुरेसा लांब झाला की मधोमध चिमटतो आणि एकाचे दोन होतात. मुकादमच बिघडला तर गवंडी वाटेल तिथे विटा लावतात, भिंत चहूकडून वाढते आणि काठीचा गोळा होतो.

"म्हणजे कमरेचा पट्टा सुटला," मी म्हटलं.

"तसंच. आणि मुकादमाचा हा बिघाड त्याच्या पोरांमध्ये उतरतो. मग ती पण गोल, त्यांची पोरं पण गोल."

"मग आता बाहेरच्यांना काय पाहिजे?"

"ते विचारताहेत, हे कोणाच्या वळणावर गेलेत? घराच्या की शेजाऱ्याच्या?"

मुलगा हसायला लागला आणि माझ्याकडे बघून थांबला.

"आई, एक विचारू?" सून म्हणाली. "रागावू नका."

"रागवायचं की नाही ते विचारल्यावर ठरवीन."

"नळ्या नेहमीसारख्याच धुताय ना?"

मी हातातला घास ताटात ठेवला. परक्यांनी विचारलं असतं तर मी त्यांची सात पिढ्यांची भांडी घासून दिली असती. पण तिने खाली मान घालून विचारलं होतं.

"नेहमीसारख्याच," मी म्हटलं. "एक दिवस इकडचं तिकडे नाही."

तिने मान हलवली आणि जेवायला लागली. मलाही बरं वाटलं.

बाहेरच्या बाई आल्या त्या दिवशी मी ठेवणीतला ॲप्रन घातला. बाई माझ्याच वयाच्या, केस कापलेले, आवाज कोरडा. आधी वर सुनेच्या खोलीत बराच वेळ बसल्या. मग सगळी वरात खाली आली. पुढे बाई, मागे सर, त्यांच्या मागे सून हातात नळ्यांचा स्टँड घेऊन. माझ्या खोलीत एवढी माणसं एका वेळी कधी मावली नव्हती.

बाईंनी एकेक विचारलं. वापरलेल्या नळ्या आधी उकळता का? उकळते. ब्रश किती जुना? झिजला की बदलते, हा नवाच आहे. वाफेच्या पेटीचा काटा कोण बघतं? मी बघते. बोळे नवे की परत वापरता? नवे. मी ताठ उभी होते आणि उत्तरं ताडताड देत होते. सुनेच्या चेहऱ्यावर रंग परत येताना दिसत होता.

बाईंनी वाळत ठेवलेली एक नळी उचलली, खिडकीच्या उजेडात फिरवली.

"चकचकीत आहे," त्या म्हणाल्या. "सगळीकडे अशी नसते."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण इतकी वर्षं त्या खोलीत घालवली आणि नळी उजेडात धरून कोणी असं म्हटलं नव्हतं. सुनेनेही नाही.

"असणार कशी?" मी म्हटलं. "सगळीकडे ते बाटलीतलं निळं पातळ वापरतात आणि वर यंत्राने शुद्ध केलेलं मिळमिळीत पाणी. त्याने नळीवर धुकं राहतं. मी पण आधी ते सगळं करते, भिंतीवर कागद लावलाय तसं. पण शेवटचं पाणी माझं. कढत पाण्याच्या बादलीत एक मूठ धुण्याचा सोडा. त्यात नळ्या बुडवायच्या आणि तशाच उपड्या घालायच्या. वर दुसरं पाणी नाही. मग बघा काच कशी हसते ती."

मागे काचेवर काच किणकिणली. सुनेने स्टँड छातीशी आवळून धरला होता.

बाईंनी नळी खाली ठेवली, तान्हं मूल निजवावं तशी हळू.

"हे कधीपासून?"

"मध्ये यंत्राचं पाणी बंद पडलं होतं, तेव्हापासून. म्हणजे हिच्या या कामाच्याही आधीपासून. एक दिवस चुकलेलं नाही."

हे शेवटचं मी अभिमानाने सांगितलं. सर चष्मा पुसायला लागले. बाई सुनेकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," सून म्हणाली.

वरात वर गेली. सून मागे राहिली, दार लोटून घेतलं आणि स्टँड टेबलावर ठेवला. तिचा आवाज चढला नव्हता, तेच मला जास्त लागलं.

"आई, तुम्ही काय सांगितलंत ते कळतंय का तुम्हाला?"

"खरं तेच सांगितलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस, नेहमीसारख्याच ना. मी म्हटलं हो. माझं नेहमीचं हेच आहे."

ती स्टुलावर बसली. "सकाळपर्यंत प्रश्न एकच होता. गोळे आपले की परके. आपले निघाले असते की सुटलो असतो. आता तिसरंच निघालं. ते आपलेच असतील, पण बदललेले नसतील. नळीला चिकटलेल्या सोड्याने नुसते फुगले असतील. सोडा काढला की परत काठ्या."

"म्हणजे मुकादम बिघडलेलाच नाही?"

"नाही. मुकादम जागेवर, नुसती सोड्याची सूज. असं निघालं तर लोक म्हणतील, ही बाई इतकी वर्षं जंतूंना सोडा पाजत बसली आणि वर त्याला शोध म्हणाली. आणि त्यांचं चूक नसेल."

मी सोड्याचा डबा उचलून फळीवर मागे सरकवला.

त्या दिवसापासून तपासणी पूर्ण होईपर्यंत धुण्याच्या खोलीला सरांनी कुलूप लावलं. "काकू, घरी आराम करा," म्हणाले. मी घरी गेले नाही. कुलपासमोर बोळात स्टूल टाकून बसले. वर जाणाऱ्या प्रत्येकाला माझ्या गुडघ्यांना वळसा घालून जावं लागत होतं. एक जण म्हणाला, काकू, वाट द्या. मी म्हटलं, वाट कुलपाने अडलीय, मी नुसती बसलेय. घरी सून माझ्याशी बोलत होती, पण मीठ द्या, दार लावलं का, एवढंच. मुलगा दोघींच्या मध्ये बसून पाण्याचे ग्लास भरत राहायचा.

पहिली परीक्षा खुणेची होती. सुनेच्या मूळच्या काठ्यांना एक खूण आहे. ठरावीक खाद्याच्या थाळीवर पसरल्या की त्यांचे ठिपके लाल उठतात. गोळे त्यांची पोरं असतील तर तेही लाल उठतील. परके असतील तर पांढरे. बाईंनी स्वतः थाळी भरली, स्वतः उबेच्या पेटीत ठेवली आणि पेटीला चिकटपट्टी लावून वर सही केली. आमच्यावर विश्वास किती, ते त्या सहीवरून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्टुलावरच होते. जिन्यावर पावलं वाजली. सून थाळी घेऊन खाली आली आणि झाकण न काढता माझ्यासमोर धरली. कुंकवाच्या टिकल्या सांडाव्यात तसे लाल ठिपके.

"आपले आहेत," ती म्हणाली. "नळीत काही पडलं नव्हतं."

मागून सर येत होते. मी म्हटलं, "सर, मान अवघडली असेल. सरळ केली तरी चालेल आता."

सर कसनुसं हसले. सून हसली नाही. ती थाळीकडे बघत होती आणि मला कळलं की तिच्यासाठी हे अर्धंसुद्धा झालेलं नाही. परके नाहीत हे ठरलं होतं. बदललेत की सुजलेत हे ठरायचं होतं.

त्यासाठी बाईंनी प्लॅस्टिकच्या बंद नळ्या आणल्या होत्या. कारखान्यातून सीलबंद आलेल्या, माझा हात न लागलेल्या. त्यात गोळ्यांचा थेंब टाकायचा, वाढू द्यायचं, मग त्यातला थेंब दुसऱ्या प्लॅस्टिकच्या नळीत, मग तिसरीत. असं करत सोड्याचा अंशही राहिला नाही की मायक्रोस्कोपच्या काचेखाली घालून बघायचं. गोळे राहिले तर बदल खरा. काठ्या झाल्या तर सून घरी.

मला वर जायला कोणी सांगितलं नव्हतं. मी गेले. बाईंनी बघितलं आणि काही म्हटलं नाही.

पहिल्या नळीत पाणी तसंच राहिलं. नितळ. जंतू वाढले की खाद्य गढूळ होतं, एवढं मला कळतं, कारण तो गढूळपणाच मी घासून काढते. नितळ म्हणजे आत काही वाढत नाही. सून नळी उजेडात धरायची, हलवायची, परत पेटीत ठेवायची. थोड्या वेळाने परत काढायची.

"मेले का गं?" मी हळूच विचारलं.

"माहीत नाही."

"काठ्या एवढा वेळ लावतात?"

"नाही. काठ्या कधीच वाढल्या असत्या."

मी तिच्या शेजारी उभी राहिले. जन्मभर नितळ नळीसाठी हात सोलवटले आणि आता एक नळी गढूळ व्हावी म्हणून जीव टांगणीला लागला होता. माझ्या खोलीत अशी नळी वाळत असती तर मी कौतुकाने बघितली असती. इथे तिच्याकडे बघवत नव्हतं. सर येऊन गेले, परत आले. बाई कोपऱ्यात बसून कसलंसं वाचत होत्या आणि पान उलटत नव्हत्या, ते मी बघितलं.

मग तळाशी धुरासारखं काहीतरी दिसलं. मला वाटलं डोळ्यांचा भास. सुनेने नळी हलवली, धूर वर आला आणि पसरला. अगदी विरळ.

"वाढताहेत," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "बसा आई, पाय दुखत असतील."

तो थेंब पुढच्या नळीत गेला, तिथला त्याच्या पुढच्या. प्रत्येक वेळी तेच. नितळ पाणी, आमचं उभं राहणं, आणि मग कधीतरी तो विरळ धूर. घरी आता मीठ मागायलाही कोणी बोलत नव्हतं. मुलगा एकदा म्हणाला, एवढ्याशा जंतूंनी घराला कुलूप घातलं. आम्ही दोघींनी एकदमच त्याच्याकडे बघितलं. तो उठून लिफ्ट बघायला गेला. आमच्या घराला लिफ्ट नाही.

शेवटच्या नळीतला थेंब बाईंनी काचपट्टीवर घेतला आणि मायक्रोस्कोपखाली सरकवला. डोळा लावला. चाक थोडं पुढे, थोडं मागे. खोलीत पेटीची घरघर तेवढी ऐकू येत होती. सुनेने दोन्ही हात पाठीमागे घेतले होते आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट आवळून धरलं होतं. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग बाजूला झाल्या. "या," म्हणाल्या.

सून बसली. बघितलं. उठली. खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"काय गं?" मी म्हटलं. "बोल ना."

"तुम्हीच बघा, आई."

मी कधी त्या यंत्राला डोळा लावला नव्हता. आधी माझ्या पापण्याच दिसल्या. मग उजेड, आणि उजेडात दाणेच दाणे. काही एकेकटे, काहींच्या मधोमध रेघ, एकातून दोन व्हायला निघालेले. कुठे चार-चार दाणे एकमेकांना चिकटून बसलेले. लांबट एक नाही.

"गोळेच की गं."

सुनेचा हात माझ्या खांद्यावर पडला आणि तिने खांदा इतका दाबला की दुखलं. मी दुखतंय म्हटलं नाही.

सर पुढे झाले. "म्हणजे झालं. बदल खरा आहे. आता कळवून टाकू."

"अर्धंच झालंय," बाई म्हणाल्या.

त्यांनी शेजारी-शेजारी दोन नळ्या धरल्या. एक प्लॅस्टिकची, विरळ धुराची. दुसरी काचेची, माझ्या हातची, तिच्यात त्याच दिवशी तोच थेंब टाकलेला. ती ताकासारखी दाट झाली होती.

"हे तुमच्या सोड्यात मजेत वाढतात," त्या मला म्हणाल्या. "सोडा नसला की कुंथतात. काठ्यांचं बरोबर उलटं दिसतं. सोड्यात काठ्यांची ओढाताण होत असणार. ज्याचा मुकादम बिघडला त्याचं तिथे जमलं, त्याची पोरं वाढली, बाकीचे मागे पडले." मग सुनेला म्हणाल्या, "बाकीच्या ओळी बघितल्यात?"

"बघितल्यात. काठ्या आखूड होताहेत. जाड पण. मला कारण कळत नव्हतं."

"आता कळलं. यांना वळण या काकूंनी लावलंय."

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हे वाक्य बोळभर ऐकवत हिंडले असते. पण बाईंनी लगेच कागद पुढे ओढला.

"तुम्ही आधी जे कळवलंत त्यात सोड्याचा उल्लेख नाही. ते मागे घ्या आणि सोड्यासकट परत लिहा. मग दुसरीकडे कोणीतरी मूळच्या काठ्या घेऊन, तेवढाच सोडा घालून, हेच करून बघेल. गोळे निघाले तर तुमचं काम उभं राहील. आकडा चुकीचा दिलात आणि नाही निघाले, तर सगळे म्हणतील, यांच्याकडे काहीतरी गडबडच होती. तेव्हा मी इथे नसेन." त्या माझ्याकडे वळल्या. "सोडा किती?"

"एक मूठ."

"मूठ म्हणजे किती?"

"माझी मूठ."

"दर वेळी तेवढीच?"

"बाई, हा हात आहे, लहान पोराचा खेळ नाही. तराजू चुकेल, हा चुकणार नाही."

सुनेने तराजू आणला. काचेच्या पेटीतला, फुंकर मारली तरी हलणारा. सोड्याचा डबा खालून आला. सगळे भोवती उभे राहिले. मी डब्यात हात घातला, मूठ भरली, कागदावर टाकली. सुनेने आकडा वाचला, बाईंनी लिहिला.

दुसरी मूठ भरली. हात वर घेतला तेव्हा वाटलं, ही जड आहे. मी बोटं थोडी सैल केली, चार कण डब्यात पडू दिले, मग कागदावर टाकली. आकडा पहिल्याच्या अगदी जवळ आला. सर म्हणाले, "वा." मी मान ताठ केली. तिसरी मूठ हलकी वाटली. डब्यातच पुन्हा दाबून घेतली. तीही जवळ आली.

"काकूंचा हात बसलेला आहे," सर म्हणाले. "लिहून टाका हाच आकडा."

"आई," सून म्हणाली.

"काय?"

"बादली भरताना तुम्ही अशी मूठ तोलता?"

खोलीत फक्त तिलाच ते दिसलं होतं. सरांना नाही, बाईंनाही नसावं. मी हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. धुण्याच्या खोलीत माझ्याशिवाय कोणी नसतं. माझा हात तोलतो की नाही हे सांगायला दुसरा साक्षीदार नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि तीन आकडे कागदावर एकाखाली एक छान सरळ उभे होते.

सुनेने आवाज खाली आणला. "मोजायला आलोय हे विसरा. पाणी कढलंय, नळ्यांचा ढीग पडलाय, वरून कोणीतरी घाई करतंय असं समजा."

मी तिच्याकडे बघितलं. ती विनवत नव्हती. वाट बघत होती.

"ते तीन खोडा," मी बाईंना म्हटलं.

मग मी तराजूकडे पाठ केली. सरांना विचारलं, तुमच्या विभागातल्या नळ्यांवरची चिकटपट्टी कोण काढणार, मी की तुम्ही? आणि ते उत्तर शोधत असताना डब्यात हात घातला, न बघता मूठ भरली आणि मागच्या मागे कागदावर टाकली. परत भरली, टाकली. डब्याच्या तळाशी हात गेला तेव्हा खडे आले, तसेच टाकले. एकदा अर्धीच मूठ आली, तीही टाकली. सून दर वेळी कागद बदलत होती आणि आकडा मोठ्याने वाचत होती. एक आकडा आला, त्याच्या पुढचा जवळजवळ दुप्पट आला. मागे कोणीतरी खुदकन हसलं. माझे कान तापले. मी वळले नाही.

डबा संपत आला तेव्हा बाई म्हणाल्या, "एवढा फरक?"

"एवढा फरक," सून म्हणाली. "सगळे लिहा. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त, दोन्ही."

बाईंनी कागदावरून नजर फिरवली. "यातून दुसऱ्यालाही गोळे मिळतील असं वाटतं. सोडा वर-खाली होत राहिला, म्हणूनच कदाचित गोळे व्हायला एवढी वर्षं लागली." त्यांनी पेन बंद केलं. "ओळ चालू ठेवा. आणि काकू, तुम्ही मूठ सोडू नका. फक्त प्रत्येक मूठ आधी तराजूवर, मग बादलीत."

सरांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. चष्मा पुसायलाही थांबले नाहीत.

त्या दिवसाचा थेंब अजून टाकायचा होता आणि वर स्वच्छ नळी एकही उरली नव्हती. मी खोली उघडली, पाणी तापत ठेवलं, नळ्या घासून काढल्या. सून सोड्याचा डबा हातात आणि एक छोटा तराजू काखेत घेऊन खाली आली. तो टबाशेजारी ठेवला, पुसला आणि सरळ आहे की नाही ते वाकून बघितलं.

"ओल्या हाताने लावू नका, आई. बिघडतो."

"मग कोरडा हात कुठून आणू? इथे काय वाळवंट आहे?"

तिने तिच्या ॲप्रनचं टोक पुढे केलं. मी हात पुसला, डब्यात घातला आणि मूठ तराजूत टाकली. तिने आकडा लिहिला. मी सोडा बादलीत ओतला आणि नळ्या बुडवायला घेतल्या.